पंचाहत्तर इंची

शोरूममधल्या सगळ्या टीव्हींवर एकच पोपट उडत होता. सोमनाथनं त्याच्याकडं नीट पाहिलंही नाही.

"पाखरं नगं. गाड्यांचा गेम लावा," तो म्हणाला.

अविराज नावाच्या सेल्समननं पंचाहत्तर इंची टीव्हीला गेमचं मशीन जोडलं. काळा रंग कसा खरा काळा दिसतो, क्रिकेटचा चेंडू कसा शेपूट न सोडता जातो, हे त्याचं हातातल्या कार्डावर बघून सांगून झालं होतं. रोहिणीला चित्र आवडलं होतं. त्यावर लावून दाखवलेल्या मालिकेतल्या बाईच्या पैठणीचा काठ तिला धाग्यासकट दिसला. पण टीव्ही पसंत करायचा होता तिच्या नवऱ्यानं, आणि त्याची परीक्षा वेगळी होती.

सोमनाथ एसटीचा ड्रायव्हर. एकतीस वर्षं गाडी चालवून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला. एवढ्या वर्षांत त्याच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. मुलगी निकिता बेंगळुरूला नोकरीला. दर रविवारी सकाळी ती तिथून आणि हा अंथुर्ण्यातल्या घरातून, असे दोघं टीव्हीवर गाड्यांची शर्यत खेळत. पहिल्या वर्षी तोच जिंकायचा. सहा महिन्यांपासून मात्र घाटातल्या एका वळणावर त्याची गाडी हमखास कठड्यावर आदळायची.

"पप्पा, टीव्ही जुना झालाय," निकिता म्हणाली होती. "तुम्ही बटण दाबता आणि चित्र मागून येतं. गेम मोडवाला घ्या. काय काय तपासायचं त्याची यादी पाठवते."

त्याला ते पटलं होतं. पटल्यावर बरंही वाटलं होतं.

त्यानं कंट्रोलर हातात घेतला. घाट आला. एवढ्या मोठ्या पडद्यावर कठड्याचे दगडसुद्धा मोजता आले असते. वळण दिसलं, त्यानं अंगठा दाबला आणि गाडी कठड्यावर गेली.

"ह्यो बी मागं पडतोय," तो म्हणाला.

अविराजनं सेटिंग उघडून पाहिलं. गेम मोड चालू होता. सोमनाथनं पुन्हा गाडी काढली. पुन्हा कठडा.

"मी बघू का, काका?"

अविराजनं तेच वळण घेतलं. गाडी कठड्याला न शिवता पलीकडं गेली.

"तुमचा रोजचा हात हाय," सोमनाथ म्हणाला.

"नाही ओ काका. मी फ्रीजकडचा. टीव्हीवाला आज सुट्टीवर आहे."

निकिताच्या यादीत सगळ्यात शेवटी एक चाचणी होती. पडदा लाल असतो, तो अचानक हिरवा होतो. हिरवा दिसला की बटण दाबायचं. किती वेळ लागला त्याचा आकडा पडद्यावर येतो. म्हणजे टीव्ही किती मागं आहे ते कळतं, असं तिनं लिहिलं होतं.

अविराजनं दाबलं. दोनशे साठ. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले दोनशे साठ, असं त्यानं समजावून सांगितलं.

मग त्यानं कंट्रोलर गमतीनं रोहिणीच्या हातात दिला. तिनं आयुष्यात पहिल्यांदाच तो धरला होता. तिचा आकडा आला तीनशे दहा.

सोमनाथचा आला पाचशे ऐंशी.

त्यानं शर्टला अंगठा पुसला. पुन्हा दाबलं. पाचशे नव्वद. तिसऱ्यांदा तो पडद्याच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिला. सहाशे दहा.

"बटण जरा कडकच आहे, काका," अविराज म्हणाला.

रोहिणी शेजारच्या टीव्हीवरचा पोपट बघत राहिली.

सोमनाथला सकाळचं आठवलं. येताना सणसरपाशी पुढची उसाची ट्रॉली थांबली, आणि त्यानं ब्रेक दाबेपर्यंत बॉनेट मागं लोंबणाऱ्या उसाच्या वाढ्यात शिरलं होतं. खाली उतरून त्यानं ट्रॅक्टरवाल्याला झापलं होतं. हात न दाखवता थांबतोस काय म्हणून. ट्रॅक्टरवाला म्हणाला होता, "दाखवला की ओ, तात्या." सोमनाथनं त्याला खोटारडा म्हटलं होतं.

त्यानं कंट्रोलर काचेच्या टेबलावर ठेवला.

"दुसऱ्या कंपनीचा दाखवू का?" अविराजनं विचारलं.

"कशाला? ह्यात काय खोट न्हाय. ह्योच द्या."

मंगळवारी घरपोच येईल असं ठरलं. दोघं बाहेर आले. सोमनाथ गाडीपाशी गेला आणि डाव्या दाराशी उभा राहिला. रोहिणीला गाडी येत होती. पण तो सोबत असताना तिनं कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. ती क्षणभर त्याच्याकडं बघत राहिली. मग उजव्या बाजूला जाऊन बसली, सीट पुढं ओढली, आरसा खाली केला.

"जमंल नव्हं?" त्यानं विचारलं.

"जमंल की."

भवानीनगर मागं पडलं तेव्हा निकिताचा फोन आला.

"घेतला का, पप्पा?"

"घेतला. झ्याक हाय. तुज्या आईला त्यात साड्यांचं धागं दिसत्यात."

"आणि वळण?"

"टीव्ही चांगला हाय," तो म्हणाला.

"घरी पोचलात का?"

"न्हाय, रस्त्यातच हाय अजून."

"मग फोन कसा उचललात? गाडी चालवताना तर तुम्ही कधीच उचलत नाही."

"आई चालवतीय."

फोन कट झाला की काय, म्हणून त्यानं तो कानापासून दूर धरून पाहिला. चालू होता.

"मी शुक्रवारी येते, पप्पा," निकिता म्हणाली.

"ये."

त्यानं फोन खिशात ठेवला आणि समोर रस्त्याकडं बघत म्हणाला, "आता तिसरा गिअर टाक."

गाडी केव्हाच तिसऱ्यात होती.