शेगडीचे चारशे बारा फोटो

‘स्टोरेज भरलं’ असा मेसेज आठवडाभर डोकं खात होता, म्हणून केतकीने पुण्यात लॅपटॉप उघडून साफसफाईला हात घातला. सांगलीला एकटे राहणारे वडील, आप्पा, यांचा फोनही तिच्याच खात्याला जोडलेला होता. त्यामुळे त्यांचे फोटो तिथेच येऊन पडत. त्यात गॅसच्या शेगडीचे चारशे बारा फोटो निघाले. म्हाताऱ्या माणसाचं बोट लागत असणार, असं म्हणून तिने ते सगळे एका झटक्यात उडवले.

पाचव्या मिनिटाला आप्पांचा फोन आला.

“अगं, मी स्टँडवर आहे. बाहेर पडताना मी रोज शेगडीचा फोटो काढतो. मोबाइलमध्ये फोटो दिसला की गॅस बंद केल्याची खात्री पटते, जिवाला घोर राहत नाही. आज बघतो तर एकही नाही!”

केतकी ओशाळली. नशिबाने उडवलेले फोटो महिनाभर ट्रॅशमध्ये राहतात. तिने आजचा फोटो परत आणला आणि मोठा करून पाहिला. शेगडीवर दुधाचं पातेलं होतं आणि पातेल्याखाली निळी ज्योत.

घराची किल्ली शेजारच्या लोंढेकाकूंकडे असायची. केतकीचा फोन येताच त्यांनी धावत जाऊन गॅस बंद केला. दूध गेलं, पातेलं जळलं, घर वाचलं.

केतकीने आप्पांना फोन करून सगळं सांगितलं.

“म्हणजे फोटो काढला होता मी,” आप्पा म्हणाले. “तू उगाच उडवलास.”