नांदगावचे तेरा टाक

दिवाळीत आचलनं मोजले तेव्हा देवघरात पूर्वजांचे चांदीचे टाक तेरा होते. सात पुरुष, पाच बायका, एक लेकरू. चेहरे पार झिजले होते. कोणता टाक कोणाचा, हे फक्त आंधळ्या मैनाआत्याला अंगठ्यानं चाचपून कळे. “हातात घेतल्याबिगर नाव आठवत नाही मले,” ती म्हणायची. नावं लिहायची राहिली, म्हणून आचलनं अमरावतीहून गावच्या घरी केशवकाकांना कळवलं, “वंशावळीसाठी टाकांचे फोटो काढायला येते.” ती पोचताच काकांनी हौसेनं डबी उघडली. “फोटोत ते काळे टाक बरे दिसले असते काय, पोरी? सोनाराकडून सारे आटवून एकच मोठा करून आणला!” आत्याचा अंगठा नव्या चेहऱ्यावरून फिरला, पुन्हा फिरला. “हा कोन होय रे, केशव?” “सारेच हायेत त्यात, बाई.” आचलनं नोंदीसाठी आणलेल्या काट्यावर टाक ठेवला. तेरा नावांच्या जागी तिनं एवढंच लिहिलं: वजन अठ्ठावन्न पूर्णांक चार ग्रॅम.