न हलणारा रस्ता

आज काठी बसेना.

पाहणीला आलेल्या जावयाने ती तिरकी केली, पुन्हा उभी केली. खाणीतल्या या बोगद्याच्या मूळ उंचीइतकीच कापलेली काठी. एक टोक जमिनीला, दुसरं छताला टेकलं की बोगदा हलला नाही असं समजायचं. इतर बोगद्यांतल्या काठ्या धड उभ्या राहत नसत. मुकादम असलेल्या सासऱ्यांच्या या बोगद्यात मात्र ती दर पाहणीला अचूक बसायची.

मुकादमाला त्याचा कोण अभिमान. "माझा रस्ता हलायचा नाही," हे तो बोगद्याबद्दल जेवताना लेकीलाही ऐकवायचा. ती बिचारी मान डोलवायची. त्याच भरवशावर साहेबांनी काल इथले निम्मे टेकू काढून शेजारच्या बोगद्यात नेले. मुकादमाने ते हसत नेऊ दिले. आत्ता त्याचा धाकटा भाऊ दहा-बारा माणसं घेऊन पुढे कोळसा फोडत होता.

"मामा, काठी वीतभर जास्त होतेय," जावई म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

मुकादम ओशाळला. घर झाडायच्या आत पाहुणा दारात यावा तसं झालं होतं, आणि पाहुणा म्हणजे जावई.

"आज लवकर उगवलात, जावईबापू. जरा दम धरा, आत्ता बसवून देतो." त्याने फावडं उचललं.

"बसवून देतो म्हणजे?"

"म्हणजे काय? जमीन फुगते, ढकलगाड्या अडतात. तुम्ही यायच्या आत आम्ही तासून सपाट करतो. खांबांच्या बुडाशी तर मुद्दाम खोल खणतो. एक दिवस खाडा नाही."

 जावयाने खाली बसून राहिलेल्या टेकूंपैकी एका लोखंडी खांबाच्या तळाशी हात घातला. हात सरळ पलीकडे निघाला. खांब जमिनीवर उभाच नव्हता, छताला नुसता लटकत होता.

मुकादमाने शेजारच्या खांबाखाली आपला हात घातला. मग त्याच्या पुढच्या.  इतकी वर्षं तो फक्त वर बघत आला होता.

"पळ, धाकट्याला सांग," तो जवळच्या गड्याला म्हणाला. "सगळ्यांना घेऊन बाहेर निघ म्हणावं. हत्यारं राहू देत तिथेच."

गडी गोंधळला. "पण मुकादम, आपला रस्ता तर हलत नाही."

"रोज हलत होता रे. मीच कुणाला दिसू दिलं नाही."