दहाही बोटं

“तेच बोट ठेवा, काकू. मघाचंच.” मशीनवाली तिसऱ्यांदा म्हणाली.

काकूंनी आनंदाने दुसरंच ठेवलं. लाल दिवा लागला आणि मशीनमधली बाई बोलली, “कृपया पुन्हा प्रयत्न करा.”

“बरं हो,” काकू तिला म्हणाल्या.

पाची बोटं सारखी नसतात असं आपण नुसतं म्हणतो. इमारतीच्या काचेच्या दाराशेजारी, बाहेरच्या भिंतीवर बसवलेल्या, साबणाच्या वडीएवढ्या त्या मशीनला मात्र ते मनापासून पटलेलं होतं. एकच बोट लागोपाठ तीनदा ठेवलं तरच ते नोंद घ्यायचं, आणि काकूंना आताशा कुठलीच गोष्ट लागोपाठ दोनदा आठवत नव्हती. एक तारखेपासून वॉचमन जाणार होता, म्हणून सकाळपासून एकेका घराची बोटं घेणं चाललं होतं. बाकीची घरं पाच-पाच मिनिटांत आटपली. या घराला पाऊण तास झाला होता.

“कार्ड देऊ का यांना?” मशीनवालीने काकांना विचारलं. “तसं ते जुनं झालंय आता. आकडे दाबायची मशीनं तर कुणी घेतच नाही. सध्या बोटांची चलती आहे. पण दोन-चार कार्डं पडलीत पिशवीत.”

“नको. हातातलं समोर येईल त्याला देऊन टाकते. परवा कुरियरवाल्याला स्वतःचा चष्मा दिला. बिचारा परत द्यायला वर आला.”

“मग थोडं थांबा. पुढच्या वर्षी चेहऱ्याची मशीनं स्वस्त होणारेत. नुसतं बघितलं की दार उघडतं.”

“आपला वॉचमन नऊ वर्षं तेच करत होता,” काका म्हणाले.

मशीनवालीला हसू आलं, पण काका हसत नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला.

“मी आंघोळीला गेलो की ही खाली उतरते. म्हणते, निघते आता, घरी वाट बघत असतील. बाहेर पडायला काय, आतलं बटण दाबलं की झालं. कोपऱ्यापर्यंत जाते, तशीच परत येते आणि दाराशी उभी राहते. वॉचमन आत घ्यायचा. आता कोण घेणार?”

“तेवढ्यापुरतं घराला आतून कुलूप घातलं तर?”

“एकदा घातलं होतं. दाराला टेकून रडत बसली. पुन्हा नाही घातलं.”

मशीनवालीने घड्याळ पाहिलं. अजून दोन इमारती बाकी होत्या आणि डबा पिशवीत तसाच होता. तरी तिने टॅब पुन्हा उघडला.

“एका माणसाची किती बोटं घेतं हे?” काकांनी विचारलं.

“दोन. आणि एका घराची पाच माणसं.”

काकांनी मनात हिशेब केला. “म्हणजे दहा झाली. हिचीच दहाही घे. कुठलं का बोट ठेवेना मग.”

“आणि तुमचं?”

“मला ‘दार उघडा’ म्हणता येतं, कुणीही उघडेल. तिला तेवढंही सुचत नाही.”

हे नियमात बसणारं नव्हतं. मशीनवालीने जिन्याकडे पाहिलं, कुणी येत नव्हतं. तिने पाचही रिकाम्या नोंदी उघडल्या. “नात्याच्या रकान्यात काय लिहू? पाची ठिकाणी एकच नातं घेत नाही हे.”

“पहिल्यात बायको. दुसऱ्यात आई लिही. मुलगा परगावी असला तरी आई ती आहेच. मग आजी. चौथ्यात घरमालकीण, घर तिच्याच नावावर आहे.” पाचव्याला काका अडले. काकूंकडे बघत म्हणाले, “पाहुणी लिही. हल्ली तशीच राहते. पाणी हवं असलं तरी मागायला संकोचते.”

मशीनवालीने ‘पाहुणी’ लिहिलं.

मग काकांनी काकूंचा हात हातात घेतला, दर रविवारी नखं कापायला घ्यायचे तसा. एकेक बोट सुटं करून मशीनवर ठेवायचं, उचलायचं, पुन्हा ठेवायचं. असं तीस वेळा. उजव्या करंगळीने सगळ्यांत जास्त छळलं. तिच्याशी झटापट चालली असताना काकू म्हणाल्या, “हात किती गार आहेत हो तुमचे.”

“तुझे ऊन आहेत ना, झालं मग,” काका म्हणाले.

दहावा हिरवा दिवा लागला तेव्हा मशीनवालीने स्वतःचाच सुटकेचा निःश्वास ऐकला. “आता मी आत जाते. दार मिटलं की दोघं आत येऊन दाखवा,” ती म्हणाली.

ती आत गेली. काचेचं दार तिच्यामागे मिटलं. आयुष्यभर काकाच पुढे होऊन दार उघडत आले होते. सवयीने त्यांनी स्वतःचं बोट मशीनवर टेकवलं. लाल दिवा लागला. “आपली नोंद नाही,” मशीनमधली बाई म्हणाली. काकांना आपला विसरभोळेपणा कळला आणि ते ओशाळून हसले.

काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मशीनकडे, आणि हाताला येईल ते बोट ठेवलं. हिरवा दिवा लागला. दार उघडलं.

पण काकू आत आल्या नाहीत. दाराला खांदा लावून त्या तशाच थांबल्या, काकांचा गार हात धरला आणि आतल्या मशीनवालीला म्हणाल्या, “यांनाही येऊ द्या. माझ्याबरोबरचे आहेत.”