अडकलेल्या मेल

“त्या शाखेतली माणसं माजली आहेत, दुसरं काही नाही!” साहेब म्हणाले. “‘पोचलात का?’ असं लिहिलं की लगेच ‘हो साहेब’. आणि कामाचं जरा सविस्तर लिहिलं की सगळे मूग गिळून गप्प. शाखेच्या बाईंची बदलीच करतो आता.”

नेटवर्कवालीने लॅपटॉपवरची मान वर केली नाही. सकाळपासून ती शाखेकडे माहितीची लहानमोठी पॅकेटं सोडून बघत होती. चौदाशे बाइटचं पॅकेट सुखरूप जाऊन येत होतं. पंधराशेचं गेलं की गडप.

“साहेब, बाईंना तुमच्या मेल मिळाल्याच नाहीत,” ती म्हणाली. “मेलचे तुकडे होऊन जातात. तो एकेक तुकडा म्हणजे पॅकेट. तुमची मेल लांबलचक, म्हणून पॅकेट अगदी काठोकाठ भरतं. वाटेतल्या एका यंत्राला एवढं मोठं झेपत नाही. ते सरळ टाकून देतं.”

“टाकून देतं? आणि वर कळवतही नाही?”

“कळवतं की. पण ती सूचना आपलंच सुरक्षेचं यंत्र दारात अडवतंय.”

“कोणत्या शहाण्याने सांगितलं अडवायला?”

“तुम्हीच, साहेब. बाहेरचं काही फालतू आत येता कामा नये, म्हणाला होतात.”

साहेबांनी घसा खाकरला. “बरं, बरं. करा दुरुस्त.”

तिने पॅकेटची मर्यादा खाली आणली आणि एंटर दाबलं. “झालं. आता सगळं पोचेल. अडकून पडलेल्यासुद्धा, त्या आपल्याकडे रांगेत थांबल्यात.”

साहेब खुशीत दाराकडे निघाले आणि उंबऱ्यावरच थबकले. चेहरा पांढराफटक.

“अडकलेल्या... सगळ्या?”

“एकूण एक.”

“अहो, त्यातल्या काही मी जरा रागाच्या भरात... थांबवा ना!”

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. साहेबांनी परत येऊन बिचकत स्पीकर लावला.

“साहेब,” शाखेच्या बाईंचा आवाज थंडगार होता, “तुमच्या मेल आल्या. पहिलीत ‘कृपया’ आहे. दुसरीत नाही. तिसरीत माझी अक्कल काढली आहे.”

साहेब मटकन खुर्चीत बसले. “बाई, गैरसमज झाला हो. त्या यंत्राचा घोळ होता. तुम्ही एक करा, ती शेवटची तेवढी उघडू नका.”

“शेवटची कोणती, साहेब?” बाई म्हणाल्या. “अजून येतच आहेत.”