पॅकेजमध्ये नाशिक नव्हतं

नवे दात बसवून दादा दवाखान्यातून घरी आला, तेव्हा आईनं विचारलं, "मग उद्या नाशिकला निघायचं ना? बाबांच्या अस्थी तुझ्यासाठी आंब्याला टांगून ठेवल्यात."

"उद्या गोवा आहे, आई. दात आणि सहल, एकच पॅकेज घेतलंय. नाशिक पुढच्या खेपेला."

बाप गेला तेव्हा याला लंडनहून यायला रजा नव्हती. तिकडे दात महाग, म्हणून आता मिळाली.

सकाळी टॅक्सी त्याला घेऊन गेली. आईनं झाडावरचं गाठोडं उतरवलं.

"अगं, मुलाची वाट बघ. अस्थी त्यानंच सोडायच्या असतात," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"तो दात बसवायला आला होता. बसवून गेला."

आईनं गाठोडं माझ्या हातात दिलं. "बाप तुझाही होता, पोरी. चप्पल घाल."