कपाटाजवळची बाई

“काढ, काढ ते डोळ्यांवरचं! ती आज आणखी जवळ आलीय.”

लेकीनं धावत येऊन बाबांच्या डोक्यावरचा हेडसेट काढला. बाबा घामाघूम झाले होते. भिंतीला धरून ते कसेबसे खुर्चीत बसले आणि म्हणाले, “आता पुन्हा घालणार नाही. पाय लाकडाचा झाला तरी चालेल.”

आणि तो लाकडाचाच होणार होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांचा उजवा पाय रुसून बसला होता. फिजिओथेरपीच्या बाईंनी हा हेडसेट भाड्यानं दिला होता. तो घातला की आपलीच खोली दिसायची, फक्त फरशीवर हिरवी पावलं उमटायची. त्यांवर पाय ठेवत चालायचं, रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं पुढं. आत्ता चालला नाहीत तर पुढं कधीच चालता येणार नाही, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. बाबा हट्टानं चालतही होते. पण कपाटाजवळ ती दिसायला लागली आणि सगळंच बिनसलं.

“कोण ती, बाबा? आई?”

“तुझी आई असती तर एव्हाना दोनदा ओरडली असती. ही गप्प उभी असते, हात पुढं करून. मला न्यायला आलीय, दुसरं काय!”

लेकीला हसावं की रडावं कळेना. तिचा तर धंदाच हा. दवाखाने, शाळा, खेळांची दालनं, जिथं म्हणून असले हेडसेट अडकायचे, थरथरायचे, भलतंसलतं दाखवायचे, तिथं ती जायची आणि हवेतल्या सिग्नलची एकमेकांतली लुडबूड काढून यायची. गावभरची भुतं उतरवायची आणि आपल्याच घरात हे! तिनं हेडसेट स्वतःच्या डोळ्यांवर चढवला.

कपाटाजवळ खरंच कुणीतरी होतं. चेहरा नाही, कपडे नाहीत. राखाडी उजेडाची माणसाएवढी आकृती, डोक्यामागं अंबाड्याचा उंचवटा. एक हात पुढं आलेला आणि तो सारखा थरथरत होता. लेक मागं सरली. तशी आकृती कपाटापासून पुढं झुकली आणि तिनं हात आणखी लांब केला.

“दिसली ना?” बाबा कुजबुजले.

“लुडबूड आहे, बाबा. नुसती लुडबूड.”

तिनं पिशवीतून सिग्नल मोजायचा मीटर काढला, खोलीभर फिरवला, तेव्हा उलगडा झाला. इमारतीत कुठंतरी अगदी असाच दुसरा हेडसेट चालू होता, याच चॅनलवर. एका खोलीत दोघं असले तर धडकू नयेत, म्हणून हे हेडसेट एकमेकांना समोरच्याची आकृती दाखवतात. मधल्या भिंती आणि छत त्यांना काय कळणार? आपण एकाच खोलीत आहोत, असंच ते धरून चालले होते.

या धंद्यात एक रीत आहे. ज्याची तक्रार, त्याचा चॅनल बदलायचा आणि मोकळं व्हायचं. दुसरा कोण आहे ते विचारत दारोदार हिंडायचं नाही, लोक अंगावर येतात. तिनंही तेच केलं. आकृती हळूहळू विरायला लागली. विरता विरता तिनं मान या बाजूला वळवली, मग त्या बाजूला. कुणाला तरी शोधत होती ती. मग कपाट तेवढं उरलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कुरकुरत हेडसेट घातला. खोली रिकामी होती. त्या दिवशी ते थेट कपाटापर्यंत गेले आणि कपाटावर थाप मारून परत आले. आठवडाभरात तर हेडसेटशिवाय, भिंतीला हात लावून, घरात फिरायला लागले. लेकीनं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या काकू उभ्या होत्या. जिन्यात हसण्यापुरतीच ओळख. त्यांचा खांदा आखडला होता, म्हणून फिजिओथेरपीच्या त्याच बाईंकडे जायच्या.

“तू ही यंत्रं दुरुस्त करतेस ना गं? माझा हेडसेट बिघडलाय.”

“काय होतंय, काकू?”

“काहीच होत नाही. आमचे हे यायचे बंद झालेत.”

पिशवीकडे वळलेली लेक जागीच थांबली.

“रोज संध्याकाळी यायचे गं. नुसती सावली, पण यायचे. एक पाऊल टाकायचे, दमायचे, थांबायचे, पुन्हा टाकायचे. रोज थोडे जवळ. जिवंतपणी माझ्यासाठी एवढे कष्ट कधी घेतले नाहीत!” काकू हसल्या आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले. “खांद्यातून कळ यायची, तरी मी हात पुढं करून उभी राहायचे. अगदी बोटभर अंतर उरलं होतं. तेवढं त्यांना परत आण ना, बाळा.”

चॅनल बदलला, एवढंच तर लेकीनं केलं होतं. ते यांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

“कोण आलंय गं?” आतून बाबांचा आवाज आला. “बसा म्हणावं. मी येतोय.”

ते भिंतीला धरून निघाले. एक पाऊल टाकलं, दमले, थांबले, पुन्हा टाकलं. काकू एकटक त्या चालीकडे बघत राहिल्या. त्यांचा तो दुखरा हात आपोआप वर आला आणि पुढं होऊन थरथरायला लागला.

बाबांनी मान वर केली. दारातला हात त्यांनी तत्क्षणी ओळखला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. लेक त्यांना सावरायला धावली.

पण त्याआधीच बाबा “आलो,” म्हणाले आणि त्यांनी भिंत सोडली.